मदत हवी आहे : स्प्लिट एसीच्या बाहेरच्या युनिटचा पंखा दुपारी वारंवार बंद पडतो

नमस्कार. आमच्या घरातील दीड टनी स्प्लिट एसीच्या आऊटडोअर युनिटचा पंखा गेल्या आठवड्यापासून दुपारी चालता चालता थांबतो आणि त्यापाठोपाठ खोलीतला गारवाही जातो. आम्ही नागपूरला राहतो. सध्या दुपारी पारा ४४-४५ अंशांच्या घरात असतो. एरवी कुलरवर उन्हाळा निघाला असता, परंतु सासूबाईंना दम्याचा त्रास आहे आणि कुलरची ओल त्यांना अजिबात सोसत नाही. त्यामुळे हे दुखणे नेमके कोणत्या भागात आहे, हे समजून घेऊनच पुढचा खर्च करावा, असा आमचा विचार आहे.

एसी २०१७ सालचा असून इन्व्हर्टर प्रकारचा नाही. आऊटडोअर युनिट पश्चिमेकडील भिंतीवर, गॅलरीच्या आतल्या बाजूला ब्रॅकेटवर बसवलेले आहे आणि दुपारी दोननंतर त्यावर थेट ऊन येते. समोर पुरेशी मोकळी जागा आहे, जाळीवर कपडे वाळत घातलेले नसतात. स्टॅबिलायझर चालू असतो. दुपारी आत येणारा दाब १९५ ते २०५ व्होल्टपर्यंत उतरतो, परंतु बाहेर पडणारा दाब २२० च्या आसपास दिसतो.

सकाळी आणि रात्री एसी उत्तम चालतो. दुपारी सुरू केल्यावर साधारण वीस-पंचवीस मिनिटे खोली व्यवस्थित गार होते. त्यानंतर बाहेरचा पंखा एकदम थांबत नाही, तर आधी त्याची गती मंदावते, एरवी नुसता फिरता धूसर गोल दिसतो त्याजागी पाती सुटी सुटी दिसू लागतात, आणि मिनिटभरात पंखा उभा राहतो. या वेळी कॉम्प्रेसर मात्र बंद झालेला नसतो. त्याची घरघर ऐकू येते आणि ती हळूहळू जड होत जाते. तीन-चार मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज येऊन कॉम्प्रेसरही थांबतो. आतल्या युनिटचा पंखा सगळा वेळ चालू असतो आणि नुसती साधी हवा फेकत राहतो. अर्ध्या-पाऊण तासाने सगळे पुन्हा आपोआप सुरू होते.

पहिल्या तंत्रज्ञाने कॉइल पाण्याने धुऊन दिली आणि गॅस कमी झाल्याचे सांगून पूर्ण गॅस भरण्याचा सल्ला दिला. कॉइल धुतल्यावर गारवा किंचित सुधारला, परंतु पंखा थांबायचा तो थांबतोच. दुसऱ्याने वरवर पाहून आतला पीसीबी (एसीचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बदलावा लागेल असे सांगितले आणि त्याचा खर्च गॅसच्या दुपटीहून अधिक आहे. दोघांपैकी कोणीही पंख्याच्या मोटरला मीटर लावला नाही, हे मला खटकते.

माझ्या शंका अशा आहेत. गॅस कमी असल्यास बाहेरचा पंखा थांबू शकतो का? पीसीबी खराब असेल तर कॉम्प्रेसर चालू राहून केवळ पंखाच कसा बंद पडेल? आणि दुरुस्ती होईपर्यंत दुपारी थोडा थोडा वेळ एसी चालवला तर चालेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

मी एसी दुरुस्तीच्याच कामात आहे. आपण पंखा थांबल्यावर कॉम्प्रेसरची घरघर ऐकलीत, ही यातली सर्वांत उपयोगी नोंद आहे. आपल्यासारख्या साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या बहुतेक यंत्रांत आतल्या पीसीबीवरचा एकच रिले (विजेवर चालणारा स्विच) बाहेरच्या कॉम्प्रेसरला आणि पंख्याला एकत्र वीज देतो. तो रिले सुटला तर दोन्ही एकदमच थांबतील. कॉम्प्रेसर चालू आहे, याचा अर्थ वीज बाहेर पोचत आहे. म्हणून पीसीबीवर एवढ्यात पैसे घालू नका.

गॅसचा आणि पंखा थांबण्याचा संबंध नाही. गॅस बंद नळ्यांमधून फिरतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती असते आणि तेव्हा बारीक पाइपवर किंवा आतल्या कॉइलवर बर्फ धरतो, गारवा सुरुवातीपासूनच कमी मिळतो. आपल्याकडे पंखा फिरतो तोवर खोली गार होते. अशा यंत्रात जास्तीचा गॅस भरला तर ४५ अंशांच्या उन्हात दाब आणखी चढेल आणि कॉम्प्रेसर लवकर ट्रिप होईल.

राहिले दोन संशयित, पंख्याचा कपॅसिटर (वीज साठवून मोटरला जोर देणारा भाग) आणि पंख्याची मोटर. या मोटरच्या एका वाइंडिंगला (तारेच्या गुंडाळीला) कपॅसिटरमधून वीज मिळते. कपॅसिटर अशक्त झाला की मोटरचा जोर घटतो, ती ओढून-ताणून फिरते आणि तापते. ठरावीक तापमानाला पोचल्यावर वाइंडिंगमध्ये बसवलेला ओव्हरलोड, म्हणजे संरक्षक स्विच, तिचा पुरवठा तोडतो आणि ती निवल्यावर पुन्हा जोडतो. बेअरिंग कोरडे पडले असेल तरीही हेच घडते. थंड असताना ते सुटे वाटते, तापले की आवळते. केवळ वीज तुटली असती तर पंखा आपल्या वेगाने सहज फिरत थांबला असता. आपल्याकडे तो आधी रेंगाळतो, म्हणजे पुरवठा तुटण्यापूर्वीच त्याचा जोर गेलेला असतो.

तंत्रज्ञाला बोलावून पुढील गोष्टी आपल्यासमोर करून घ्या. एमसीबी बंद करून, कपॅसिटरमधला साठा रोधक लावून उतरवल्यावर त्याचे माप घ्यावे. वर छापलेल्या आकड्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांहून जास्त कमी भरला तर तो बदलावा. हे काम कृपया स्वतः करू नका, कारण मेन बंद असला तरी कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतकी वीज उरलेली असते. त्यानंतर, पंखा नुकताच थांबलेला असताना, म्हणजे मोटर गरम असतानाच, मेन बंद करून पाते हाताने फिरवून पाहावे. चांगली मोटर हलक्या हाताने ढकलल्यावरही काही फेरे घेते. जेमतेम अर्धा फेरा घेऊन थांबली किंवा आसाला आडवी हालचाल जाणवली तर बेअरिंग गेले आहे. थंड मोटरवर केलेली तपासणी इथे फसवी ठरते, आणि आपल्याकडे आलेले दोघेही बहुधा सकाळी आले असावेत.

आऊटडोअरच्या टर्मिनलवर, यंत्र चालू असताना, व्होल्टेजही पाहून घ्या. स्टॅबिलायझर २२० दाखवत असला तरी जळालेल्या किंवा सैल जोडणीमुळे पुढे १९० च पोचत असतील. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर तो जवळजवळ दोन-तृतीयांशावर येतो.

दुरुस्तीपर्यंत दुपारी एसी अजिबात चालवू नका. पंख्याविना कॉम्प्रेसर चालला की कॉइलमधली उष्णता बाहेर पडत नाही, दाब आणि विजेचा प्रवाह चढतो, आणि ‘टक्’ हा आवाज म्हणजे त्याच्या ओव्हरलोडने त्याला वाचवल्याची खूण असते. हे रोज घडत राहिले तर आतले तेल आणि वाइंडिंग खराब होते, आणि कॉम्प्रेसरचा खर्च या सगळ्याहून मोठा आहे. रात्री चालवण्यास हरकत नाही. मात्र मधून मधून बाहेरचा पंखा फिरतो आहे याची खात्री करावी.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. आज तंत्रज्ञाला मुद्दाम दुपारी तीन वाजता बोलावले. ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मीटरवर २.८ भरला, तो बदलला. टर्मिनलवर २१६ व्होल्ट मिळाले, जोडण्या घट्ट आहेत. नव्या कपॅसिटरवर पंखा वेगाने फिरू लागला आणि तासाभराहून अधिक टिकला, परंतु अखेरीस पुन्हा मंदावून थांबला. त्या वेळी मेन बंद करून पाते फिरवले तेव्हा ते अर्ध्या फेऱ्यातच अडले आणि मोटरच्या मागच्या टोपीला हात लावता येत नव्हता. तंत्रज्ञ मोटर रिवाइंडिंग करून, बेअरिंग बदलून देतो म्हणतात. नवी मोटर त्याहून महाग आहे. यांपैकी काय करावे?

प्रतिसाद

अशक्त कपॅसिटरवर बराच काळ चालल्याने मोटर तापत राहिली आणि बेअरिंगमधले ग्रीस वाळले, असे दिसते. नुसते बेअरिंग बदलून भागत असेल आणि वाइंडिंगचा रोध व इन्सुलेशन मीटरवर चांगले येत असेल तर तेवढेच करा. मात्र पूर्ण रिवाइंडिंग करायचे असेल तर मी नवी मोटर घेण्याचा सल्ला देईन, कारण स्थानिक रिवाइंडिंगमध्ये वाइंडिंगमधला ओव्हरलोड अनेकदा परत बसवलाच जात नाही आणि पुढच्या वेळी मोटर थांबण्याऐवजी सरळ जळते.

नवी मोटर घेताना जुन्या मोटरवरील पट्टीचा फोटो सोबत न्या. वॅट, फेऱ्यांचा वेग, शाफ्टचा व्यास, फिरण्याची दिशा आणि कपॅसिटरचे माप हे सगळे जुळले पाहिजे. माप वेगळे असेल तर त्यासोबत कपॅसिटरही बदलावा लागेल. पाते काढताना नट उलट्या आट्यांचा आहे का ते आधी पाहावे, नाहीतर जोर लावण्यात पाते तडकते. मोटर बसल्यावर जाळीसमोर हात धरून पाहा : गरम हवा आपल्या अंगावर आली पाहिजे. पंखा हवा कॉइलमधून ओढून बाहेर फेकतो. हवा उलट आत ओढली जात असेल तर वायर उलटसुलट जोडल्या गेल्या आहेत, आणि त्या तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतल्याशिवाय तंत्रज्ञाला जाऊ देऊ नका.