वर्डप्रेस: कॅशे लावला, तरी लॉगिन केल्यावर साइट रखडते

शाईपेन: आमच्या दिवाळी अंकाची साइट वर्डप्रेसवर आहे. डब्ल्यूपी सुपर कॅशे (तयार पानं साठवून ठेवणारं प्लगिन) टाकल्यापासून वाचकांना पान झटक्यात उघडतं, पण संपादक मंडळी लॉगिन करून शिरली की तेच रडगाणं. शेअर्ड होस्टिंग आहे, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट. काय करू?

खटपट्या: त्यात नवल नाही. पेज कॅशे म्हणजे आधीच तयार करून ठेवलेलं एचटीएमएल पान. मायएसक्यूएलला, म्हणजे डेटाबेसला, उठवायचंच नाही. लॉगिन केलेल्याला शिळं पान देऊन चालत नाही, म्हणून प्लगिन त्याला वगळतं. तिथे टिकाऊ ऑब्जेक्ट कॅशे लागतो, म्हणजे डेटाबेसमधून काढलेली माहिती मेमरीत साठवणारा, रेडिस किंवा मेमकॅश्डसारखा; वर्डप्रेसचा स्वतःचा ऑब्जेक्ट कॅशे दर वेळी पान तयार झालं की पुसला जातो. होस्टला विचारा. आणि पीएचपीचा ओपीकॅशे, म्हणजे वर्डप्रेसचा पीएचपी कोड एकदाच भाषांतरित करून साठवणारा, चालू आहे ना?

भोचक काका: आणि दुसरं कॅशे प्लगिन टाकू नका हो. दोन एकत्र नांदत नाहीत.

शाईपेन: होस्टवाले रेडिस नाही म्हणाले. ओपीकॅशे बंद होता, चालू करून घेतला, फरक जाणवतोय. पण संपर्काचा फॉर्म अधूनमधून अडतो, तोही कॅशेमुळेच का?

खटपट्या: बहुधा. फॉर्ममधला नॉन्स (विनंती खरी आहे का हे तपासायचा सांकेतिक शब्द) १२ ते २४ तासच चालतो. कॅशेतलं पान त्याहून जुनं झालं की फॉर्म नाकारला जातो. कॅशेची मुदत १० तासांवर आणा, नाहीतर ते एक पान सरळ वगळा.