कार्थेजला एकाच वेळी दोन बिशप कसे काय?

अर्धवट_वाचक: रोमन काळातल्या चर्चबद्दल वाचतोय आणि डोनाटिस्ट प्रकरणापाशी पार गाडी अडकलीय. ३११च्या आसपास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला सिसिलियन बिशप झाला, तर दुसऱ्या गटाने मायोरिनसला बसवलं, त्याच्यामागून डोनाटस आला, म्हणून तो गट डोनाटिस्ट. श्रद्धा तीच, बायबल तेच, मग भांडण कशावरून? नुसती खुर्ची का?

जुनी_पोथी: खुर्ची होतीच, पण मूळ दुखणं ३०३ सालचं. रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती धर्मग्रंथ जप्त करून जाळायचा हुकूम काढला तेव्हा काही बिशपांनी जीव वाचवायला पोथ्या देऊन टाकल्या, त्यांना नंतर 'त्रादितोर' म्हणायला लागले, म्हणजे हवाली करणारे. सिसिलियनला बिशपपदाची दीक्षा दिली आप्तुंगाचा बिशप फेलिक्सने, आणि आरोप असा की हा फेलिक्सच त्यातला. देणाराच बाटलेला तर दीक्षा कसली, असं शेजारच्या नुमिडिया प्रांतातल्या सत्तरेक बिशपांचं म्हणणं. समोरचे म्हणायचे कृपा देवाची, हात कुणाचा का असेना.

तिरकस: लुसिलाला विसरलात की! पैसेवाली बाई, प्रसाद घ्यायच्या आधी कुठल्याशा हुतात्म्याचं हाड चुंबायची. सिसिलियन डीकन (बिशपच्या हाताखालचा सेवक) असताना त्यावरून तिला बोलला, तो राग तिने धरून ठेवला. मायोरिनस तिच्याच घरचा माणूस. अर्थात हे लिहिणारा ऑप्टाटस डोनाटिस्टांच्या विरोधी गटातला, तेव्हा जरा जपूनच वाचा.

अर्धवट_वाचक: आणि फेलिक्सने खरंच पोथ्या दिल्या होत्या?

जुनी_पोथी: नाही. चौकशीत निघालं की पुरावा म्हणून आणलेल्या पत्रात इंगेन्टियस नावाच्या माणसाने मागून मजकूर घुसडला होता, फेलिक्स सुटला. आणि कहर म्हणजे सिसिलियनला काढणाऱ्यांचा म्होरक्या सेकुंडस. आधी सिर्टाच्या बैठकीत तो एकेका बिशपला विचारत होता तू पोथ्या दिल्यास का, तर पुरपुरियस नावाच्या बिशपने उलट त्यालाच विचारलं की तुला पकडलं होतं ना, मग सुटलास कसा? झालं, सेकुंडसने विषयच गुंडाळला.

अर्धवट_वाचक: 😂 मग मिटलं कधी?

तिरकस: कसलं मिटतंय. ३१३ला रोम, ३१४ला आर्ल इथे धर्मसभा भरल्या, दोन्हीकडे निकाल सिसिलियनच्या बाजूने, तरी डोनाटिस्ट हटले नाहीत. थेट ४११ला कार्थेजच्या सभेत दोन्हीकडचे प्रत्येकी पावणेतीनशेच्या वर बिशप जमले, तिथेही डोनाटिस्ट म्हणाले आम्ही पाप्यांबरोबर बसत नाही. मग काय, सभेचा अध्यक्ष, सम्राटाचा अधिकारी मार्सेलिनसही उभाच!