मदत हवी आहे: गार्डन क्लबमध्ये गुटी कलमाचा वर्ग, २० जणांची तयारी कशी करावी?

रानजाई
नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या सोसायटीचा छोटा गार्डन क्लब आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी सकाळी २ तासांचा गुटी कलमाचा वर्ग ठेवतोय (झाडावरच्याच फांदीची साल काढून तिथे ओलं शेवाळ म्हणजे मॉस बांधायचं, मुळं फुटली की फांदी कापून रोप करायचं). आवारात डाळिंब, पेरू, कागदी लिंबू, चिकू आणि एक मोठा रबर प्लांट आहे. कोणती झाडं घ्यावीत? सामान किती आणावं? मॉसऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चालेल का? जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, त्याच्या आधी सभासदांना रोपं वाटायची आहेत. तोवर तयार होतील ना?

हिरवी_ओसरी
दिवस योग्य निवडलात, हवेत ओल असते तेव्हाच गुटी बांधावी. पेरू, डाळिंब, लिंबू, रबर प्लांट घ्या. चिकू सोडा, त्याची गुटी फार रेंगाळते. चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर, म्हणजे खिरणीच्या मुळं असलेल्या रोपावर चिकूची फांदी जोडून करतात.

प्रत्येकाने झाडावर एकच गुटी बांधावी. त्याआधी छाटलेल्या फांदीवर साल काढायचा सराव करून घ्या, नाहीतर चांगल्या फांद्या शिकण्यातच जातील. २० गुट्या आणि ५ जास्तीच्या, असा हिशोब धरा:

कोरडं मॉस अर्धा किलो (एका गुटीला साधारण १५ ग्रॅम). २०० गेजचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद, १ मीटर पन्ह्याचा ७५ सेंमी. त्यात २० × १५ सेंमीचे बरोबर २५ तुकडे बसतात. प्लॅस्टिकची सुतळी, कारण सुती दोरा पावसात कुजतो. धारदार चाकू ५, स्पिरिट, कापूस, आयबीएची (मुळं फुटायला मदत करणारी) पावडर. मॉस आदल्या रात्री भिजत घाला आणि बांधताना मुठीत दाबून पिळा. पाणी ठिबकता कामा नये.

खुरपं
वरच्या यादीत भर. फांदी पेन्सिलीएवढी जाड, साधारण वर्षभराची हवी. पेराच्या लगेच खाली अडीच ते तीन सेंमी रुंदीची साल गोलाकार काढायची. इथेच निम्मे जण चुकतात: साल निघते, पण खालचा बुळबुळीत थर तसाच राहतो. त्या थरातून साल पुन्हा जुळते आणि दोन महिन्यांनी उघडल्यावर आत एकही मूळ नसतं. चाकूच्या पाठीने खरवडून बोट फिरवायला सांगा, कोरडं खरखरीत लागलं की झालं. पावडर फक्त वरच्या काठाला, कारण पानांकडून खाली येणारं अन्न तिथे अडतं आणि मुळं तिथूनच फुटतात. मॉसचा गोळा काठाच्या थोडा वरपर्यंत जायलाच हवा.

वरची गाठ घट्ट आवळा. ती सैल राहिली की फांदीवरून ओघळणारं पाणी आत शिरतं आणि मॉस कुजतं.

रबर प्लांटचा चीक आधी कापसाने पुसून घ्या. तो अंगावर, डोळ्यांत जाऊ देऊ नका. डाळिंबावर तेल्याचे किंवा लिंबावर खैऱ्याचे डाग असतील तर त्या झाडाला हातच लावू नका, रोग रोपांबरोबर घरोघर जाईल. झाड बदलताना चाकू स्पिरिटने पुसायचा.

हिरवी_ओसरी
कोकोपीट चालतं, पण नवशिक्यांच्या हातात गोळा टिकत नाही, बांधता बांधता सांडतो. वर्गासाठी मॉसच घ्या.

रानजाई
खूप मदत झाली. मुळं आली हे कसं ओळखायचं? आणि गुटी उतरवायची कधी?

खुरपं
म्हणूनच दोन भेटी आधीच जाहीर करा. बांधणं सोपं आहे, जास्त रोपं मरतात ती उतरवल्यानंतर. ४५ ते ६० दिवसांत प्लॅस्टिकमधून मुळं दिसतात. एखाददुसरं पांढरं मूळ दिसलं म्हणून घाई नको, मुळांचं जाळं होऊन ती तपकिरी पडू लागली की कापा. गोळ्याच्या खाली आधी अर्धा काप द्या, आठवड्याने पूर्ण. म्हणजे सप्टेंबर उजाडतो. गणपती त्याच सुमारास असतात, दिनदर्शिका पाहून तारीख ठरवा.

प्लॅस्टिक काढा पण मॉस मुळीच सोडवू नका, कोवळी मुळं तुटतात. निम्मी पानं कमी करा. ६ × ८ इंची पिशवीत माती, शेणखत आणि वाळू सारखी घ्या, काठीचा आधार द्या आणि दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा. पानं मलूल दिसली की लोक पाणी ओततात. तेव्हा पाणी वाढवायचं नाही, पानांवर फवारा मारायचा.

जानेवारीपर्यंत वाटण्याजोगी रोपं नक्की होतील. त्या महिन्यात फळाची अपेक्षा ठेवू नका आणि एखादी कळी आलीच तर खुडायला सांगा.

रानजाई
दोन्ही तारखा एकाच सूचनेत लावते. मॉस आणि कागदाची खरेदी याच आठवड्यात करते.