मदत हवी आहे: आईच्या गुडघ्यातलं लिग्नोकेन आणि 'मरणाऱ्या पेशी'

आई ७१ वर्षांची, नौपाड्यात बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर राहते. गुडघा झिजलाय. तीन महिन्यांपूर्वी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, सोबत बधिर करणारं लिग्नोकेन. ट्रेमधल्या बाटलीवर २% लिहिलेलं मी पाहिलं. दहा मिनिटांत आई टेबलवरून उतरली आणि भिंत न धरता वाकून चप्पल घातली! तेव्हापासून 'ते बधिरीचंच पुन्हा द्या' हे पालुपद. (स्टिरॉइडचा गुण यायला दिवस जातात, पहिल्या तासाचा आराम लिग्नोकेनचा, हे तिला कोण सांगणार.)

पुढच्या आठवड्यात दुसरं इंजेक्शन आहे. आणि परवा माझी भाची, वाशीला बायोटेक करते, जेवताना म्हणाली, "मावशी, या बधिरीच्या औषधांनी कूर्चेच्या, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थराच्या, पेशी मरतात." घास हातातच राहिला. मला वाटायचं, हे औषध नसेतली सोडियमची दारं बंद करतं, कळ मेंदूपर्यंत जात नाही, तास-दोन तासांत उतरतं, विषय संपला. मग पेशी मरते कशी? कूर्चेत तर नसाच नसतात. इंजेक्शन टाळू का?

प्रतिसाद १
फार्माकॉलॉजी शिकवते; आईंना तपासलेलं नाही हे धरून वाचा. भाची अर्धी बरोबर आहे. औषध सोडियमच्या दारापाशी थांबत नाही. ते स्निग्धात विरघळतं, त्यामुळे पेशीच्या स्निग्ध आवरणातून आत शिरून मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांचं, काम बिघडवतं. ऊर्जा घटते, कॅल्शियमचा तोल जातो. ताण थोडा असेल तर पेशी सावरते, जास्त असेल तर स्वतःलाच संपवते, फारच असेल तर फुटते. सगळा हिशोब तीव्रतेचा आणि वेळेचा. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर पंपाने दोन-तीन दिवस सांध्यात बुपिव्हाकेनसारखी बधिरीची औषधं सोडत. काहींची कूर्चाच गेली. २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशारा घालायला लावला. एकदाचं इंजेक्शन त्यातलं नव्हे, पण प्रयोगशाळेच्या बशीत २% लिग्नोकेननेही कूर्चेच्या पेशी मरतात. म्हणून टाळण्याआधी विचारा: किती मिली, १% पुरेल का, त्याऐवजी रोपिव्हाकेन हे दुसरं बधिरीचं औषध देता येईल का. आणि दर तीन महिन्यांनी हवंच का, हेही; वारंवार स्टिरॉइडनेही कूर्चा झिजते.

धागाकर्ती
आभार. आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "एक टक्क्यात चप्पल घालता येईल का, तेवढं विचार." सोमवारी विचारते.