गावाकडून व्हिडिओ कॉलवर काम करतेय, नेट असूनही आवाज तुटतो, काय करू?

दापोलीची_लेक:
मी पुण्यातल्या एका कंपनीत टेस्टिंगचं काम करते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून गणपतीपर्यंत दापोलीजवळ गावी राहूनच काम करणारे, मॅनेजरची हरकत नाही. घरात फायबर आहे, स्पीड टेस्टला ४०-४५ एमबीपीएस येतो, यूट्यूब मस्त चालतं, पण मीटिंग सुरू झाली की थोड्या वेळात सगळे म्हणतात तुझा आवाज तुटतोय, मला मात्र त्यांचं व्यवस्थित ऐकू येतं. राउटर ओटीवर आहे आणि मी माडीवर बसते, कारण आईला बघायला खाली सारखी माणसं येतात. लाइट गेली की सगळंच बंद. मोठा प्लॅन घेऊ का? पावसाळाभर कोकणातून असं काम कुणी केलंय का?

चिरेबंदी:
ताई, प्लॅनवर आत्ता पैसे घालू नका. तुम्हाला ऐकू येतंय आणि त्यांना तुमचं तुटतंय म्हणजे घोळ अपलोडला, म्हणजे तुमच्याकडून बाहेर जाणाऱ्या डेटाला आहे, आणि आपण सगळे बघतो फक्त डाउनलोडचा आकडा. टेस्ट माडीवर जिथे बसता तिथेच करा आणि अपलोड आणि पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) दोन्ही बघा. यूट्यूब पुढचं थोडं आधीच उतरवून ठेवतं म्हणून मध्ये अडखळलं तरी कळत नाही, कॉलमध्ये तशी सोय नाही, शब्द वेळेत पोचला नाही तर गेला. जुनी चिऱ्याची भिंत असेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय तिच्यापुढे पार मरतं, २.४ जरा पुढे जातं पण ते हळू. माझं स्पष्ट मत, ओटीवरून माडीवर लॅन केबल ओढा, १०० मीटरपर्यंत आरामात चालते. लॅपटॉपला पोर्ट नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर मिळतो. आणि घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर फोटो बॅकअप चालू आहे का बघा, ऐन मीटिंगमध्ये अपलोड तोच खातो.

रात्रपाळी_नागपूर:
वरच्यांशी सहमत. अजून एक, अडचण आली की कॅमेरा बंद करा, त्यात लाजायचं काही नाही. नुसत्या आवाजाला झूमवर ६० ते ८० केबीपीएस पुरतात, एचडी ग्रुप कॉलला त्याच्या कितीतरी पट लागतं. माझी टीम न्यूयॉर्कची, त्यांचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा आणि नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ मागे गेलं की साडेसात, म्हणजे घरच्या जेवणाच्या वेळेलाच मीटिंग, त्यामुळे तासनतास स्क्रीनवर स्वतःचं तोंड बघत बसायचा थकवा मला चांगला माहितीये. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये या थकव्याची जी कारणं मांडली त्यात स्वतःला सतत बघत राहणं हे पण आहे. सेल्फ व्ह्यू, म्हणजे आपल्याला दिसणारी आपलीच चौकट, लपवा, खूप फरक पडतो.

गुहागरवाला:
मी पावसाळे काढलेत इथून, म्हणून लाइटचं सांगतो. राउटर आणि फायबरचा डबा, दोन्हीला वीज लागते, नुसता राउटर चालू ठेवून उपयोग नाही. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, अडॅप्टरवर बघून घ्या आणि तसा मिनी यूपीएस (बॅटरीचा छोटा डबा) लावा, इन्व्हर्टर नसला तरी काही तास निघतात. पण वादळात झाड पडून फायबरच तुटली तर यूपीएस काय करणार, म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम हवंच. तेही लाइट जास्त वेळ गेली की टॉवरची बॅटरी उतरते आणि रेंज जाते, त्यामुळे वारा सुटला की आधीच टीमला मेसेज टाकून ठेवा. मीटिंगच्या लिंकसोबत फोन करून जोडायचा नंबर दिला असेल तर तो कागदावर लिहून ठेवा, साध्या कॉलला डेटा लागत नाही.

दापोलीची_लेक:
खूप आभार सगळ्यांचे! माडीवर टेस्ट केली, डाउनलोड १८ आणि अपलोड जेमतेम १, ओटीवर अपलोड ३०! फोटो बॅकअप भावाच्या फोनवर चालू होता, बंद केला. केबल खेडहून मागवतेय. फक्त एक सांगा, ओटीवरून माडीवर ती बाहेरच्या भिंतीवरून न्यावी लागणारे, पावसात साधी चालेल का?

चिरेबंदी:
साधी नको, उन्हापावसाने कव्हर तडकतं. आउटडोअर म्हणून मागा, आणि घरात शिरते तिथे बाहेरच्या बाजूला खाली झोळ द्या म्हणजे पाणी आत न येता तिथूनच टपकेल. विजा चमकायला लागल्या की दोन्ही टोकं काढून ठेवा.