गोष्टीतल्या माणसावर संकट आलं की पोरांना प्रश्न विचारायचे का नाही?

सातवीची मास्तरीण: पालकांच्या ग्रुपवर काल एक पोस्ट आली, "पोरांना गोष्ट नुसती वाचू द्या, पात्र असं का वागलं हे विचारून डोक्याला ताप देऊ नका." त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला म्हणून लिहितेय. अहो, विचारलं नाही तर पोरं काय करतात, पात्राला शूर नाहीतर भित्रा म्हणतात आणि पान उलटतात. मी वर्गात आनंद यादवांच्या 'झोंबी' कादंबरीतला भाग घेतला. बापानं शाळा सोडवून मळ्यात जुंपलेलं पोर आणि त्याची आई गावातल्या वजनदार दत्ताजीराव सरकारांकडं जातात, बापाला समजवा, पण आम्ही आलो होतो हे त्याला सांगू नका म्हणतात. अख्खा वर्ग म्हणाला आईनं लपवलं, चुकलं. मग विचारलं, तिच्यापुढं दुसरे रस्ते कुठले होते? फळ्यावर लिहीत गेले, नवऱ्याशी भांडायचं, गप्प बसायचं, पोरानं पळून जायचं, आणि प्रत्येकाचं पुढं काय झालं असतं ते पोरंच सांगायला लागली. मागच्या बाकावरची एकजण म्हणाली, "बाई, मार न खाता जमंल असा तेवढाच रस्ता होता की." गाईडमधल्या 'स्वभाववैशिष्ट्ये लिहा'तून हे येत नाही.

चिखलीकर: मॅडम, २०१९ च्या पुरानंतर माझ्या पोराला परीक्षेत असलाच प्रश्न आला. गोष्टीतला शेतकरी पुरात जनावरं सोडून जातो, तू असतास तर काय केलं असतंस? आम्ही कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीत पाणी कमरेला लागेपर्यंत म्हशींसाठी थांबलेलो, शेवटी दावी कापली आणि होडीत बसलो, दोन म्हशी परत दिसल्याच नाहीत. पोरगं पेपर कोरा ठेवून आलं. त्यानं काय लिहायचं होतं सांगा.

कागलचा गुळवाला: माझं वेगळंच. झोंबीतल्या बापाला सगळ्यांनी व्हिलन करून टाकलाय. तो गुऱ्हाळ लवकर का लावायचा? दुसऱ्यांचा गूळ यायच्या आत आपला बाजारात गेला की भाव मिळतो म्हणून. आमच्या आज्ज्यानं पण तेच केलं. हा प्रश्न घेतला का वर्गात?

पेठेतली: बापाची बाजू?? तो स्वतः गावभर हिंडायचा आणि पोराला राबवायचा, त्याच पुस्तकात आहे. माझ्या आईची शाळा चौथीत अशीच सुटली, तिला कोण दत्ताजीराव भेटले नाहीत.

कागलचा गुळवाला: आईचं वाईट झालं, मान्य. पण तोडलेला ऊस थांबत नाही ताई, रस आंबतो. रस उकळायच्या काहिलीखाली जाळ घालायला माणूस लागतो, घरात नसला की पोरंच लागतात.

पेठेतली: मग गडी लावायचा! शाहू महाराजांनी १९१७ लाच प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. तुमच्या कागलच्याच घाटग्यांतले ते.

कागलचा गुळवाला: महाराजांचं नाव काढलं की आमचं तोंड बंद. बरं, शाळा सोडवली ते चूक, घ्या लिहून. पण बाप राक्षस न्हवं.

वाचनवेडा: तुम्ही दोघं कुठं निघालाय? 'झोंबी' आत्मचरित्रात्मक आहे, त्यातलं पोर म्हणजे लेखकच. कल्पित पाहिजे तर माडगूळकरांची 'बनगरवाडी' कादंबरी घ्या, दुष्काळात वाडीच्या वाडी उठून जाते, तिथं शूर-भित्रा म्हणून बघा बरं कुणाला.

सातवीची मास्तरीण: चिखलीकर, तुमच्या पोराला 'तू असतास तर' विचारायला नकोच होतं, आणि परीक्षेत तर अजिबात नको. पण मी ते विचारतच नाही. 'त्याच्यापुढं काय काय होतं' हा प्रश्न त्या शेतकऱ्याबद्दल असतो. आणि तुमच्या पोराशेजारी बसणाऱ्यानं त्या शेतकऱ्याला भित्रा म्हटलं, तर त्याला कोण सांगणार की दावं कापायला काय लागतं?

चिखलीकर: शेजारच्याला सांगायला पाहिजे, हे पटलं. पण मार्क ठेवू नका, आणि विचारायच्या आधी वर्गात कुणाच्या घरात पाणी शिरलेलं ते बघा. बघणार नसाल तर ती पोस्टच बरोबर.

कागलचा गुळवाला: आणि बापापुढं काय काय होतं, ते फळ्यावर कधी लिहिताय बाई?