मदत हवी आहे: आमवात आणि अचानक निघालेलं संडास-बाथरूमचं काम

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते आहे, अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

मी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते. इमारत जुनी, लिफ्ट नाही. मला अकरा वर्षांपासून आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) आहे. बोटं, मनगटं आणि आता डावा गुडघाही. गेल्या मंगळवारी खालच्या काकू वर आल्या. रात्री त्यांच्या संडासाच्या छताचं प्लास्टर खाली आलं होतं, आतले गज दिसत होते. तेव्हा आत कोणी नव्हतं हे नशीब. मी पायऱ्या उतरून बघून आले. पाणी आमच्याच इथून ठिबकत होतं, त्यामुळे वादाचा प्रश्नच नव्हता. खर्च आमचा, तेही मान्य. काम सोमवारपासून.

वरवर केमिकल मारून भागणार नाही, असं कंत्राटदाराचं म्हणणं. आमच्याकडे संडास आणि बाथरूमखालचा स्लॅब फूटभर खोल आहे, त्यात विटांचे तुकडे भरून वर लादी बसवलेली. पाइप त्या भरावातून गेलेत. म्हणजे सगळं उकरायचं, पाइप बदलायचे, वॉटरप्रूफिंग करायचं, मग दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवून खाली ओल येते का बघायचं, आणि त्यानंतर लादी. किमान पंधरा दिवस.

सगळे म्हणतात, पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे, निघून जातील. मला हे कोणाला समजावून सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते. सकाळी पहिला तास-दीड तास माझी मूठ वळत नाही. साडेपाचला उठून बाथरूममध्ये स्टुलावर बसते आणि गिझरच्या पाण्यात हात बुडवून ठेवते. वीसेक मिनिटांनी अंगठा तर्जनीला टेकतो. तो टेकला की मला कळतं, आज पोळ्या होतील. आमचे नळ गोल मुठीचे आहेत, ते माझ्याने फिरत नाहीत, म्हणून मिस्टर रात्रीच बादली भरून ठेवतात आणि सकाळी निघायच्या आधी गिझर लावून देतात. ही घडी बसायला चार वर्षं गेली. सोमवारी तीच मोडणार आहे. स्वयंपाकघरात पाणी तापवता येईल, पण तापलेलं पातेलं मला उचलता येत नाही.

दिवसा संडासाचं काय, हा तर त्याहून मोठा प्रश्न. समोरच्या वहिनींनी न मागता घराची किल्ली हातात ठेवली, त्यांचे उपकार आहेत. पण त्यांच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास आहे आणि माझा गुडघा तेवढा वाकत नाही. नाशिकला बहीण बोलावते आहे. पण मुलीची बारावी आहे, मिस्टर सातच्या लोकलने जातात, आणि कामगार घरात असताना कोणीतरी मोठं माणूस हवंच.

डॉक्टरांशी बोलले आहे, त्यामुळे औषधाबद्दल विचारत नाही. मी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते, शनिवारी रात्री. त्याने प्रतिकारशक्ती कमी होते. तोडफोड चालू असताना त्या खोलीच्या आसपास थांबायचं नाही, साधा कापडी मास्क नको, एन-९५ हवा, आणि ताप आला तर लगेच कळवायचं, असं त्यांनी सांगितलं. आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. या औषधाने क्वचित फुप्फुसांनाही सूज येते, त्यामुळे कोरडा खोकला किंवा दम लागला तर "धुळीने झालं असेल" म्हणून अंगावर काढायचं नाही. माझ्यासारखी गोळी घेणाऱ्या कोणाच्या घरी काम निघालं तर हे लक्षात ठेवा.

आता माझे प्रश्न. आधी बाथरूम आणि मग संडास, असं दोन टप्प्यांत कोणी करून घेतलंय का? कंत्राटदार म्हणतो, मधला जोड कच्चा राहून तिथूनच पुन्हा गळेल. त्यात तथ्य आहे की त्याची सोय? धूळ बाकीच्या खोल्यांत जाऊ नये म्हणून दाराला प्लास्टिक लावायचं ठरवलंय, लादी जिन्यात न कापता खाली पाणी मारत कापा असंही सांगणार आहे. आणखी काय करता येईल?

आणि ज्याबद्दल घरात एकमत नाही ते. एवढं उकरतोच आहोत तर मला माझ्या हातांना चालेल असं बाथरूम हवं आहे. लांब दांडीचे नळ, न घसरणारी लादी, थोडा उंच कमोड, बाजूला धरायला दांडे. मिस्टरांना वाटतं, दांड्यांनी घराला दवाखान्याची कळा येईल. ते माझं सगळं करतात, त्यामुळे हट्ट करायला जीव होत नाही. पण पुन्हा वीस वर्षं कोणी हे उकरणार नाही. आमची मधली भिंत चार इंची विटांची आहे. त्यात दांडा माणसाचं वजन पेलेल का?

भर, शनिवार सकाळ: उत्तरांबद्दल मनापासून आभार. दोन टप्प्यांचा विचार सोडला, तुमच्यापैकी तिघांनी जोडाबद्दल तेच लिहिलं. ज्यांनी खुर्चीवजा कमोड भाड्याने आणायचं सुचवलं त्यांना विशेष धन्यवाद, मला हे सुचलंच नव्हतं. तो बेडरूमच्या कोपऱ्यात ठेवणार, साफसफाईसाठी मावशींना जास्तीचे पैसे देऊन दोन वेळा बोलावलंय. गरम पाणी मुलगी थर्मासमध्ये भरून देईल, तिनेच सांगितलं.

काल रात्री मिस्टरांना म्हटलं, एकदा हात मागे बांधून आपला नळ उघडून बघा. त्यांनी कोपराने करून बघितलं. काही बोलले नाहीत, पण आज दुपारी दुकानात नळ बघायला जायचं म्हणाले. कमोडवर मी स्वतः बसून उंची ठरवणार आहे. भिंतीचं मात्र अजून कोणी लिहिलेलं नाही. गवंडीकामातलं कळणारं कोणी असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत सांगा. दांड्यासाठी भिंतीत आधी काही बसवून घ्यायचं असेल तर ते लादी लागण्याआधीच व्हायला हवं.